चित्र पुण्याचं, शब्द दिल्लीचे

दिल्लीच्या राज कॉमिक्सनं 1986 साली एक नवा नायक बाजारात आणला. अंग हिरवं, खवल्यांचं. मनगटातून साप सुटतात, रक्तात सूक्ष्म नागांची वस्ती आहे, नुसता फुत्कार टाकला तरी समोरचा विषानं लोळतो. नाव नागराज. प्रोफेसर नागमणी नावाच्या शास्त्रज्ञानं त्याला दहशतवाद्यांना विकण्यासाठी घडवलेलं असतं, बाबा गोरखनाथ त्याला त्या पाशातून सोडवतात आणि मग तो जगभरच्या दहशतवाद्यांच्या मागे लागतो. हे सगळं घडतं हिंदीत. प्रकाशक दिल्लीचा, वाचक पाटण्यापासून इंदूरपर्यंतचा. नागराजला अंगपिंड आणि चेहरा मात्र दिला तो पुण्यातल्या एका मराठी चित्रकारानं. त्याचं नाव प्रताप मुळीक.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या पट्ट्यात ही गोष्ट सांगितली, तर तिथल्या पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकाला तिचं फारसं नवल वाटणार नाही. तो स्वतःच तसा वाढलेला. घरात मराठी, तीही वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. शाळेत, कचेरीत आणि दुकानाच्या पाटीवर हिंदी. 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच होती. राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर सोडून सरकार भोपाळला गेलं आणि संत्र्यांचे हे बगीचे मध्य प्रदेशातच राहिले. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही गावं आली. नातीगोती, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठी लोकांची वाट आजही नागपूरचीच आहे. पांढुर्ण्याहून नागपूर-इटारसी मार्गावरची गाडी पकडायची. सौंसरहून पूर्वी छिंदवाडा-नागपूर छोटी लाइन होती, ती 2015 साली रुंदीकरणासाठी बंद झाली.

अशा गावांत कॉमिक्स दोन्ही बाजूंनी येत. शाळेतला दोस्त देई ती हिंदी, नागपूरच्या मामाकडून सुट्टीत येई ती मराठी. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, दोन्हीकडे होता. मँड्रेकही.

तसं पाहिलं तर शौर्याच्या गोष्टीसाठी या मुलखाला दिल्ली-मुंबईकडे पाहायची गरजच नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि तो मिळवण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्या गोटमारीत दरवर्षी माणसं जखमी होतात, काही वेळा जीवही गेले आहेत. सौंसरजवळ जामसावळीला हनुमान आहे, तो इतर गावांतल्यासारखा गदा घेऊन उभा नाही, पिंपळाखाली चक्क आडवा निजलेला. डोंगर उचलणाऱ्या वीराला विश्रांती घेताना पाहिलेल्या पोट्ट्यांना जांभळ्या पोशाखातला मुखवटेवाला वेताळ भावला, त्याचं कारण त्याच्या ताकदीत शोधून सापडायचं नाही. ते होतं पुस्तकाच्या आकारात आणि ते हाती पडण्याच्या रीतीत.

तेव्हा कॉमिक्स विकत घेऊन वाचणं हा श्रीमंती कारभार होता. मध्य भारतातल्या लहान गावांत ती किरायानं मिळत. एखादं किराणा किंवा स्टेशनरीचं दुकान, दोरीवर चिमट्यांनी लटकवलेले अंक, काही पैसे देऊन तासाला किंवा दिवसाला एक. दुकानासमोरच्या ओट्यावर बसून वाचलं तर आणखी स्वस्त. एकाच्या किरायात तिघं वाचत. एकानं पान उलटायचं, दुसऱ्यानं थांब म्हणायचं. ज्यांच्याकडे स्वतःचे अंक साठत, ते दहा-बारा अंक घेऊन बाइंडरकडे जात. तो पिना काढी, दोऱ्यानं शिवी, पाठीला कापड लावी आणि कडा साफ दिसाव्यात म्हणून कातरी. वेताळ, मँड्रेक, बहादूर, मधेच फ्लॅश गॉर्डन, शेवटी एखादं चाचा चौधरी, असं ते जाडजूड पुस्तक तयार होई. त्या कातरण्यात मुखपृष्ठाची किनार आणि कधी कधी किंमत छापलेला कोपरा जाई. आजचे संग्राहक अशा बांधीव खंडांकडे हळहळून पाहतात, कारण कातरलेल्या अंकाला बाजारात भाव नाही. पण हे अंक आज शाबूत आहेत ते त्या बाइंडिंगमुळेच. सुटे अंक बहुतेक रद्दीत गेले.

एका पुस्तकात अनेक नायक कोंबण्याची ही पद्धत कॉमिक्सइतकीच जुनी आहे. अमेरिकेत जून 1938 च्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला, ते ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ एकट्या सुपरमॅनचं नव्हतंच. दहा सेंटांच्या त्या 64 पानी अंकात त्याच्या वाट्याला 13 पानं होती. बाकीची पानं झतारा नावाच्या जादूगारासारख्या इतरांची. प्रकाशकाला कुठला नायक चालेल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं एका अंकात सात-आठ घोडे पळवले. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी त्याचे हक्क 130 डॉलरांत देऊन टाकले होते, यावरून त्या भरवशाची पातळी कळते.

वेताळ याहूनही थोडा जुना. ली फॉक यांचा हा फँटम 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रातल्या रोजच्या चित्रपट्टीतून सुरू झाला. त्यांचाच मँड्रेक 1934 चा. फँटमकडे कसलीही दैवी शक्ती नाही. 1536 साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या एका माणसानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, त्याचा मुलगा, नातू, पणतू तोच पोशाख घालत आले, म्हणून लोकांना वाटतं हा अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा. पिढ्यान्‌पिढ्या गादी चालवणं हा प्रकार भारतीय वाचकाला समजावून सांगावा लागला नाही. कुस्तीच्या आखाड्यापासून गायकीच्या घराण्यापर्यंत सगळीकडे तेच पाहिलेलं.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीनं मार्च 1964 मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. पहिला अंक फँटमचा, ‘द फँटम्स बेल्ट’, किंमत 60 पैसे. त्या कामात तेव्हा कंपनीत असलेले अनंत पै होते. तीनच वर्षांनी, 1967 मध्ये, इंडिया बुक हाऊसकडे जाऊन त्यांनी ‘अमर चित्र कथा’ उभी केली. इंद्रजालचे पहिले 32 अंक निव्वळ फँटमचे होते. नंतर मँड्रेक आला, मग फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर, गार्थ असे एकेक पाहुणे. हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली आणि दक्षिणेच्या भाषांतही तो निघू लागला. मराठीत आणि हिंदीत फँटम वेताळ झाला, बंगालीत अरण्यदेव.

हे अंक तयार कसे होत, ते पाहण्यासारखं आहे. मूळ माल होता वर्तमानपत्रातली पट्टी. रोज तीन-चार चौकटी, आणि काल काय झालं हे विसरलेल्या वाचकासाठी पहिल्या चौकटीत थोडी उजळणी. ते सलग पुस्तकात तसंच छापलं तर दर चौथ्या चौकटीला गोष्ट अडखळणार. म्हणून उजळणीच्या चौकटी काढायच्या, उरलेल्या पानात बसतील अशा लावायच्या, काही कापायच्या, फुगे पुसून त्यांत नवी भाषा भरायची आणि काळ्या-पांढऱ्या रेषांत रंग ओतायचे. अक्षरं हातानं काढलेली असत. इंग्रजीतलं छोटंसं वाक्य मराठीत आलं की हातभर लांब होई आणि फुगा नायकाच्या खांद्यावर चढे. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत चित्रकथा 16 पानांतच संपे आणि उरलेल्या पानांवर सामान्य ज्ञानाचा मजकूर असे. पालकांची समजूत काढायला तो कामी येत असणार.

काही बदल राजकीय सावधगिरीचे होते. फँटमचा देश मूळ पट्टीत बंगालशी मिळत्याजुळत्या नावाचा. इंद्रजालनं त्याचं ‘डेंकाली’ केलं. त्याचे पिढीजात शत्रू ‘सिंग’ टोळीचे चाचे. भारतात हे छापलं तर पंजाबातून काय उत्तर येईल ते ओळखून त्यांचं ‘सिंगा’ झालं. जंगलातल्या बुटक्या बांदर जमातीवर राज्य करणारा आणि काळ्या लोकांत शांतता राखणारा एकुलता एक गोरा, हा मूळ गाभा मात्र कुणी बदलला नाही. आज तो वाचताना खटकतो, खटकायलाच हवा. स्वतंत्र होऊन सतराच वर्षं झालेल्या देशातल्या मुलांनी हा गोऱ्या राखणदाराचा नायक इतक्या आनंदानं कसा स्वीकारला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. एक उत्तर असं, की मुखवट्यामागे तो गोरा असल्याचं मुलांच्या लक्षातच येत नसे. डोळ्यांच्या जागी पांढऱ्या खाचा, अंगभर जांभळा पोशाख. दिसे तेवढी फक्त हनुवटी. मराठी बोलणारी हनुवटी कुठल्याही गावची असू शकते.

देशी नायकाची उणीव इंद्रजालनं डिसेंबर 1976 मध्ये भरून काढली. आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला बहादूर. इंद्रजालची मुखपृष्ठंही वर्षानुवर्षं गोविंद यांचीच. बहादूरला ना मुखवटा, ना घट्ट विजार. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. त्याचा बाप भैरवसिंग डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीनं मेला. पोरगा सूड घ्यायला निघतो आणि शेवटी डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. जोडीला बेला, तिचे हात-पायही बहादूरइतकेच चालणारे.

ही चंबळच्या खोऱ्यातली गोष्ट होती. चारच वर्षांपूर्वी, एप्रिल 1972 मध्ये, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या होत्या. डेंकालीचं जंगल नकाशात नव्हतं, पण चंबळ याच राज्यात, पांढुर्ण्यापासून उत्तरेला. पोलिसांना पुरा न पडणारा प्रदेश, गावकऱ्यांनी स्वतः उभं राहणं, शरण आलेल्या डाकूला पुन्हा माणसांत घेणं हे सगळं पेपरात छापून येत होतं. या लेखकाच्या मते इंद्रजालच्या सगळ्या नायकांत जमिनीवर पाय असलेला हा एकच. तरी त्याची आठवण वेताळापेक्षा कमी निघते, हे खरं.

आता पुन्हा मुळीकांकडे. अनंत पैंच्या ‘अमर चित्र कथे’चा कणा मराठी चित्रकारांचा होता. ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला, पुढे ‘टिंकल’मधला सुपंदीही त्यांनीच, 1980 च्या दशकात निघालेली महाभारताची लांबलचक मालिका दिलीप कदमांची, आणि अनेक पुस्तकं प्रताप मुळीकांची. मुळीकांचं स्केचिंग पक्कं होतं. ज्योत्स्ना प्रकाशननं काढलेलं त्यांचं स्केचिंगवरचं पुस्तक चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या हातात असे. चालता माणूस, वाकलेली पाठ, ताणलेला दंड या गोष्टी त्यांनी पाहून पाहून हाताला लावून घेतल्या होत्या. पौराणिक चित्रांत हे कसब फार लागतं, कारण तिथं अंगावर कपडे थोडे आणि स्नायू जास्त.

1983 मध्ये इंडिया बुक हाऊसच्या स्टार कॉमिक्सनं अमिताभ बच्चनला सुपरहिरो केलं. नाव ‘सुप्रीमो’. दिवसा शूटिंग करणारा अमिताभ वेळ येताच गुलाबी घट्ट पोशाख आणि गॉगल चढवून संकटावर झेप घेई. शाहीन नावाचा ससाणा आणि विजय-अँथनी नावाची दोन पोरं हे त्याचे मदतनीस. त्या पोरांची नावं कुठून आली हे सांगायला नको. संपादन पम्मी बक्षींचं, पटकथेच्या सल्ल्याला गुलजार, चित्रं प्रताप मुळीकांची. हा प्रकार दोनेक वर्षं चालला. गुलाबी रंगाचा निर्णय कुणाचा होता कोण जाणे. पण पडद्यावरचा तापट विजय त्या पोशाखात कुणाला पचला नसेल, तर दोष वाचकाचा नाही.

सुप्रीमोत हात बसला होता, नागराजमध्ये तो खुलला. पहिला अंक नीट पाहिला तर अमेरिकी सुपरहिरोंसारखी तिरकी, धावती मांडणी त्यात फारशी नाही. चौकटी शांत, सरळ. नागराज उभा राहतो तो देवळातल्या मूर्तीच्या ऐटीत, छाती भरलेली, एक पाय पुढे. अमर चित्र कथेतला भीम किंवा कर्ण अंगावर खवले चढवून आधुनिक शहरात उतरावा, तसा. ज्या घरांत नागपंचमीला भिंतीवर नाग काढून पूजा होते, तिथं हा नायक परका वाटायचं कारण नव्हतं, आणि त्याच्या अंगाची ठेवणही परकी नव्हती. शब्द दिल्लीत लिहिले जात, रेषा पुण्यात. पुढच्या अंकांवर कलानिर्देशन म्हणून मुळीकांचं आणि चित्रांवर चंदू यांचं नाव दिसतं. विठ्ठल कांबळे हे नाव शाईकामात पुढं बराच काळ भेटत राहतं. भोकाल या तलवारवाल्या नायकाच्या अंकांवर कदम स्टुडिओची सही आहे. हिंदी पट्ट्यातल्या लाखो मुलांनी ही आडनावं वाचली आणि ती कुठली हा विचार न करता पान उलटलं. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाला मात्र ती शेजारच्या घरातली वाटली असणार. पाटीवरचं कांबळे, हजेरीतलं कदम.

1987 मध्ये अनुपम सिन्हा यांनी ‘प्रतिशोध की ज्वाला’ या अंकातून सुपर कमांडो ध्रुव आणला. सर्कशीत वाढलेला, मोटारसायकलवरचा, कुठलीही शक्ती नसलेला आणि विज्ञानाच्या पुस्तकातली युक्ती वापरून सुटणारा हा पोरगा नागराजच्या बरोबरीला आला. नव्वदच्या दशकात कुत्र्याचा मुखवटा घातलेला डोगा आला, तो मुंबईच्या रस्त्यांवरचा. दशकाच्या मध्याला नागराज मुळीकांकडून सिन्हांकडे गेला आणि त्याची चण बदलली: चौकटी फुटू लागल्या, अंग पिळदार आणि वेगवान झालं. कुठला नागराज खरा यावर जुने वाचक आजही हमरीतुमरीवर येतात. पुण्याच्या नागराजची बाजू घेणारे कमी आहेत, पण हट्टी आहेत.

सगळीच प्रकाशनं टिकली नाहीत. 803 अंक काढून इंद्रजाल 1990 मध्ये थांबलं. त्यानंतर वेताळ आणि मँड्रेक काही काळ डायमंड कॉमिक्सच्या डायजेस्टांत, म्हणजे पुन्हा जाडजूड संग्रहांतच, भेटत राहिले. पण घराघरांत टीव्ही होता, लवकरच केबल आली आणि किरायाच्या दोऱ्या ओस पडल्या. दुकानदारानं तिथं आधी व्हिडिओ कॅसेट लावल्या, मग मोबाइलची रिचार्ज कार्डं.

आज जुन्या अंकांचा बाजार वेगळ्याच लोकांच्या हातात आहे. कातरलेली कड, फाटलेला कोपरा, कव्हरवर निळ्या शाईत लिहिलेलं मालकाचं नाव यावर किंमत ठरते. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकाला जाणकार भरपूर मोजतात. मराठी अंक शोधणाऱ्यांना जास्त खेटे घालावे लागतात, कारण ते छापले कमी गेले असावेत आणि जपले त्याहून कमी. राज कॉमिक्सनं आपले जुने अंक एकत्र बांधून संग्राहक आवृत्त्या काढल्या आहेत. मुळीकांच्या काळातला नागराज त्यांत आता चकचकीत कागदावर दिसतो. वर्तमानपत्री कागदावर रंग पसरून ज्या रेषा बुजल्या होत्या, त्या या छपाईत पहिल्यांदा उघड्या पडल्या आहेत: सापाच्या अंगावरची बारीक जाळी, कपाळावरची एकच आठी, आणि पहिल्या पानाच्या तळाशी कलावंतांची नावं.